तिटनंतरचा धा

रविवार, रात्री उशिरा

तबल्यावरचा दिल्ली घराण्याचा कायदा, म्हणजे विस्तार करायची बोलांची ठराविक रचना, धाधा तिट धाधा तूना, आज पहिल्यांदाच दुगुनीत, दुप्पट लयीत, न अडता वाजला. समाधान वाटतंय. तो मोकळा झाला वर्गातल्या एका कॉलेजच्या मुलीमुळे, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

माझं अडायचं ते तिटनंतरच्या धावर. तिट शाईच्या, तबल्यावरच्या काळ्या गोलाच्या, मधोमध वाजतो, आधी मधल्या बोटाने, मग तर्जनीने. लगेच पुढचा धा, तो चाटेवर, म्हणजे तबल्याच्या काठावर, आणि तेव्हा अनामिका शाईच्या कडेला टेकलेली हवी. लय वाढली की हात तिथे उशिरा पोचायचा. सर म्हणत, "हात हलका ठेवा," आणि वाजवून दाखवत. त्यांच्या हातून तो बोल इतका सलग निघतो की त्यात दोन वेगळ्या हालचाली आहेत हेच दिसत नाही. ऐकताना मन भरून येतं, पण घरी येऊन तबला पुढे घेतला की नेमकं काय करायचं ते उमगत नाही.

परवा वर्ग सुटल्यावर ती म्हणाली, "काका, ट वाजतोय तेव्हाच अनामिका परत निघू दे. ट संपायची वाट नका बघू. माझंही इथंच अडायचं."

हे शेवटचं वाक्य सर बोलू शकत नाहीत. त्यांचंही कधीतरी अडलं असणार, पण इतक्या वर्षांच्या रियाजात ती अडचण पार बुजून गेली आहे. तिची मात्र अजून ताजी आहे. कुठलं बोट कधी उचलायचं हे ती अजून मनात मोजते, म्हणूनच तिला ते सांगता येतं.

आपल्या संगीतात ही जाण जुनी असावी. गायक विष्णु दिगंबर पलुसकरांनी 1901 साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, तेव्हा शिकणाऱ्यांमधूनच शिकवणारे घडावेत म्हणून उपदेशक वर्ग चालवला. पुढच्या विद्यार्थ्याने मागच्याला धडे द्यायचे, ही रीत गुरूंच्या घरीही होतीच. आज आपण मोठ्या कलाकाराच्या कार्यशाळेसाठी धावतो आणि शेजारी बसलेल्याला काही विचारत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण नुसतं तिच्याकडून शिकलो तर तिच्या हातातली उणीवही माझ्या हातात येईल. तिचा डग्गा, डाव्या हाताचा, अजून कोरडा आहे, घुमत नाही. तिला ते पुरतं ऐकू येत नाही, मलाही येत नव्हतं. मागे सरांनी मनगट रेटत डग्ग्यावरच्या घे या बोलाचा आवाज वर चढवून दाखवला, तेव्हा कायदा एकदम बोलायला लागला. नाद कसा हवा, हे कानात घालायला सरच हवेत. त्यांच्याशिवाय आम्ही दोघं बोटं नीट टाकत राहू आणि वाजणं तसंच कोरडं राहील.

म्हणून येत्या रविवारी सरांना विचारणार आहे: वर्गाआधी तासभर आम्ही दोघांनी खोलीत एकत्र रियाज केला तर चालेल का? तिचंही पलटे, म्हणजे कायद्याचे बदललेले प्रकार, बसवताना खालीच्या, ताताने सुरू होणाऱ्या, भागात काही अडतंय म्हणे. ताता तिट धाधा धिंना, यातला धिंना मला बरा जमतो. तो तिला दाखवीन.