रेट सिंड्रोम: रिपोर्ट हातात येईपर्यंत आणि त्यानंतर

आमची लेक दीड वर्षाची होईपर्यंत 'बाबा', 'मंमं', 'काऊ' म्हणायची, वाटीतले चुरमुरे एकेक उचलून खायची. पुढच्या काही महिन्यांत शब्द एकेक करून गेले. मग हातात काही धरेनाशी झाली आणि दिवसभर दोन्ही हात एकमेकांत पिळत बसायला लागली. आधी आम्हाला ऑटिझम सांगितला गेला आणि थेरपी सुरू झाली. पुढे एका पेडियाट्रिक न्यूरोलॉजिस्टनी तिचे हात बराच वेळ नुसते पाहिले, डोक्याचा घेर मोजला, जुन्या नोंदी मागितल्या आणि 'रेट सिंड्रोम' हे नाव पहिल्यांदा घेतलं. जनुकातल्या बदलामुळे मेंदूच्या वाढीवर परिणाम करणारा, साधारण दहा हजार मुलींत एकीला होणारा आजार.

तपासणी म्हणजे थोडंसं रक्त. पण त्याआधी जेनेटिक काउन्सेलरनी जे सांगितलं ते प्रत्येक पालकाला माहीत असायला हवं. सीक्वेन्सिंगमध्ये जनुकातली अक्षरं वाचली जातात, मात्र जनुकाचा मोठा तुकडाच गायब असेल तर तो त्यातून निसटू शकतो. म्हणून रिपोर्ट निर्दोष आला तरी असे गायब तुकडे शोधणारी एमएलपीए ही वेगळी चाचणी लागते. दोन्ही होतात का, हे लॅबला आधीच विचारा.

आमच्या रिपोर्टमध्ये बदल सापडला. एक्स गुणसूत्रावरचं एमईसीपी२ हे जनुक. १९९९ मध्ये जनुकशास्त्रज्ञ हुडा झोग्बी यांच्या प्रयोगशाळेने त्याचा रेटशी संबंध दाखवला. त्याचं प्रथिन पेशीच्या केंद्रकात काम करतं आणि मेंदूच्या पेशींत ते भरपूर असतं. डीएनएवर जिथे मिथाइल नावाची छोटी रासायनिक खूण असते तिथे ते बसतं आणि दुसऱ्या प्रथिनांना बोलावून आसपासच्या जनुकांचा आवाज, रेडिओची कळ फिरवावी तसा, हवा तेवढा खाली आणतं. पूर्ण प्रथिन ४८६ अमिनो आम्लांचं. आमच्या मुलीत ते २५५व्या जागीच थांबतं. डीएनएवर बसायचा भाग त्याच्या आधी येतो, इतरांना बोलावणारा भाग नंतर, त्यामुळे तो तयारच होत नाही. मुलींना दोन एक्स असतात आणि प्रत्येक पेशीत एकच चालू राहतो, म्हणून तिच्या बऱ्याच पेशींत चांगलं प्रथिनही आहे.

मग आम्हा दोघांचं रक्त तपासलं. आमच्यात तो बदल नाही. बहुतेक वेळा तो शुक्रपेशी तयार होताना आपोआप घडतो. कुणाच्या खाण्यापिण्याचा, वागण्याचा त्यात काही भाग नसतो. गरोदरपणी मी ग्रहणात बाहेर पडले होते, हे आत्याबाईंनी वर्षभर ऐकवलं होतं. काउन्सेलरनी त्यांनाही शेजारी बसवून कागदावर चित्र काढून समजावलं. त्या रडल्या, मीही रडले. पुढच्या बाळात हा बदल येण्याची शक्यता फार कमी, पण शून्य नाही, म्हणून गरोदरपणातच तपासणी करता येते, हेही तिथेच कळलं.

मला सगळ्यात मोठा आधार २००७ च्या एका प्रयोगाने दिला. शास्त्रज्ञ एड्रियन बर्ड यांच्या गटाने आजारी उंदरांमध्ये हे जनुक पुन्हा चालू केलं आणि मोठी लक्षणं दिसू लागलेली असतानाही ते उंदीर सुधारले. म्हणजे पेशी मेलेल्या नसतात. माणसात ते सोपं नाही, कारण हे प्रथिन जास्त झालं तरी आजार होतो. एमईसीपी२ डुप्लिकेशन सिंड्रोम तो हाच. पण 'आता काही उरलं नाही' असं माझ्या लेकीबद्दल कुणी बोललं की मी तिथेच थांबवते. ती डोळ्यांनी बोलते. दोन चित्रं समोर धरली की हवं त्याच्याकडे रोखून बघते.

निदान झाल्यावर ईसीजी नक्की काढा, या आजारात क्यूटी, म्हणजे हृदयाला ठोका देऊन पुन्हा सज्ज व्हायला लागणारा वेळ, लांबू शकतो. मणक्याचा बाक दर भेटीत तपासून घ्या, फिट्सवर लक्ष ठेवा. आणि रिपोर्टची पूर्ण प्रत, बदलाच्या नेमक्या नोंदीसकट, स्वतःजवळ ठेवा. नव्या उपचारांच्या चाचण्यांसाठी विचारणा केली की जनुकातला नेमका बदल कोणता, हे विचारतात.