टाक्यातला पू, "नो ग्रोथ" रिपोर्ट आणि घाईघाईत सुरू झालेलं एकेटी (टीबीची औषधं)

मी मायक्रोबायोलॉजीवाली, त्यामुळे पेशंट कमी दिसतात आणि त्यांचा पू जास्त. पण काही पेशंटची फाईल बघितली की पुढची सगळी स्टोरी आधीच कळते. पित्ताशयाचं किंवा हर्नियाचं दुर्बिणीचं ऑपरेशन झालेलं, टाके छान सुकलेले, घरचे खुश, आणि मग महिना-दीड महिन्याने बेंबीपाशी, जिथून दुर्बीण आत घातली होती नेमकं तिथेच एक गाठ येते, लाल होते, फुटते आणि पातळ पू यायला लागतो. ताप नाही, फार दुखत पण नाही. मग अमॉक्सी-क्लॅव्ह, मग सेफिक्झीम अशी अँटिबायोटिक्स, मग ड्रेसिंग, मग परत थोडं उघडून साफ करणं, आणि ते भोक काही बुजत नाही, बुजलंच तर शेजारी दुसरं.

स्वॅब पाठवला की दोन दिवसांत रिपोर्ट येतो, "नो ग्रोथ". आता पू वाहतोय आणि जंतू नाही, हे कसं? तर साध्या कल्चरच्या (जंतू उगवून बघायच्या) प्लेटी बहुतेक लॅब ४८ तास ठेवतात आणि टाकून देतात. आणि इथले गुन्हेगार बरेचदा टीबीच्या जंतूचे नातेवाईक असतात, मायकोबॅक्टेरियम फॉर्च्युइटम, किलोनी, ॲब्सेसस. ही मंडळी टीबीच्या मानाने बरीच भरभर वाढतात, टीबीला घन मिडियमवर (जंतूंच्या खाद्यावर) ३ ते ८ आठवडे लागतात तिथे यांच्या कॉलनी आठवड्याच्या आत दिसतात, पण दोन दिवसांत बहुतेक वेळा नाही. बरं यांना स्पेशल काही लागतं असंही नाही, साध्या ब्लड अगरवरसुद्धा (रक्त घातलेलं रोजचं मिडियम) उगवतात, फक्त प्लेट आठवडाभर ठेवायची, आणि किलोनीला ३० डिग्रीच्या आसपास बरं वाटतं म्हणून एक प्लेट ३७ ला आणि एक तिथे. एवढंच! भारी मशीन नको, इन्क्युबेटरमधे जागा हवी आणि फॉर्मवर एक ओळ हवी, "दुर्बिणीचं ऑपरेशन, जखम भरत नाही". ती ओळ कोणी लिहीत नाही. फॉर्मवर "पस सी/एस" (पूचं कल्चर आणि कुठलं औषध चालेल ते बघा) एवढंच, आणि सही अशी की नावही वाचता येत नाही.

याहून मोठी भानगड पुढे आहे. कोणीतरी हुशारीने झेडएन स्टेन करतं (टीबी आणि त्याच्या नातेवाइकांना लाल रंगवणारी तपासणी), लाल काड्या दिसतात, रिपोर्ट "एएफबी" (म्हणजे याच लाल काड्या) पॉझिटिव्ह. किंवा बायोप्सीत ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तशा पेशींच्या बारीक गाठी). आपल्याकडे एएफबी म्हटलं की टीबीच, इतका टीबी बघितलाय आपण की दुसरं काही डोक्यातच येत नाही, आणि त्याच संध्याकाळी एकेटी चालू. आयसोनियाझिड, रिफाम्पिसिन, पायराझिनामाइड, यातलं काहीही या जंतूंवर चालत नाही. पेशंट सहा महिने गोळ्या खातो, लघवी केशरी, लिव्हरची काळजी, वर घरात "टीबी झालाय" म्हणून वेगळं ताट. खरं तर स्मिअर (ती रंगवलेली काच) पॉझिटिव्ह आणि सीबीनॅटमधे (टीबीचं जीन शोधणारी टेस्ट) टीबी नाही असं आलं तर तिथेच थांबायला पाहिजे, पण "सीबीनॅटने मिस केला असेल" असं म्हणून पुढे जातात.

आणि हे जंतू येतात कुठून? नळाच्या पाण्यातून. माती, पाणी हेच यांचं घर, पाईपच्या आत थर करून राहतात आणि क्लोरीनला फारशी दाद देत नाहीत. दुर्बिणीच्या उपकरणांना जोड असतात, इन्सुलेशनचं आवरण असतं, त्यात रक्त-टिश्यू अडकतं, आणि दोन केसच्या मधे वेळ नाही म्हणून ती २० मिनिटं ग्लुटाराल्डिहाइडमधे (जंतुनाशक द्रावण) बुडवतात. २० मिनिटांत होतं ते डिसइन्फेक्शन, म्हणजे बरेचसे जंतू मरतात, सगळेच मारायला, म्हणजे स्टरलायझेशनला, ८ ते १० तास लागतात. वर ती उपकरणं धुतात कशात, तर "उकळलेलं पाणी आहे मॅडम", उकळलंय कधी तर काल, आणि कालपासून ते उघड्या टबात. ब्राझीलमधे २००४ ते २००८ मधे अशीच मोठी साथ आली होती, हजाराच्या वर पेशंट, आणि तिथल्या जंतूला २ टक्के ग्लुटाराल्डिहाइड चक्क पचत होतं. शेवटी २००९ मधे तिथल्या सरकारी नियामकाने असली उपकरणं द्रावणात बुडवून स्टराईल करायलाच बंदी घातली. आपल्याकडे ऑटोक्लेव्ह (दाबाखालची वाफ) चालणारी उपकरणं मिळतात, ईटीओ गॅसचं स्टरलायझेशन आहे, प्लाझ्माचं आहे, पण लिस्टवर सहा केस आणि सेट दोन असले की काय होतं ते सगळ्यांना माहितीये.

ट्रीटमेंट जंतूच्या जातीवर ठरते, म्हणून नुसतं "एनटीएम" (टीबी-कुष्ठरोग सोडून त्या कुळातले बाकीचे जंतू) लिहून भागत नाही, मॅल्डी-टॉफ (प्रथिनांवरून जंतू ओळखणारं मशीन) किंवा जीनच्या सिक्वेन्सिंगने नाव काढावं लागतं. साधारणपणे क्लॅरिथ्रोमायसिनसोबत अजून किमान एक औषध, फॉर्च्युइटमला सिप्रो किंवा लेव्हो बरेचदा चालतं, सुरुवातीला अमिकासिनची इंजेक्शनं (क्रिएटिनिन, म्हणजे किडनी, आणि कानांकडे लक्ष ठेवून). एकटं क्लॅरिथ्रो कधीही नाही, एका म्युटेशनमधे खेळ खलास. ॲब्सेसस तर अजून बेरकी, त्याच्यात एक जीन असतं, त्यामुळे पाचव्या दिवशी क्लॅरिथ्रो चालेल असं दिसतं आणि मग औषधाच्या संगतीत जंतू हळूहळू त्याला दाद देईनासा होतो, म्हणून आम्ही ती प्लेट १४ दिवस बघतो. सर्जनचा फोन सहाव्या दिवशीच येतो, "झालं का?" नाही झालं, सर. आणि खोल सायनस (पू वाहणारा आतला बोगदा) असेल तर तो पूर्ण कापून काढल्याशिवाय नुसत्या औषधांनी भागत नाही, औषधं चार ते सहा महिने चालतात ती वेगळीच.

सर्जन मंडळी वाचत असतील तर सांगते, कापसाच्या स्वॅबपेक्षा सिरिंजमधे ओढलेला पू किंवा टिश्यूचा तुकडा पाठवा, या जंतूंचं आवरण मेणचट असतं, कापसालाच चिकटून बसतात. आणि टिश्यू दोन डब्यांत, पॅथॉलॉजीचा फॉर्मॅलिनमधे (टिश्यू टिकवणारं पण जंतू मारणारं द्रावण), आमचा साध्या स्टराईल सलाईनमधे. फॉर्मॅलिनमधे आलेल्यावर कल्चर होत नाही, कितीही फोन केले तरी.