तेराव्या वर्षी ऑटिझमचं निदान: आमचा फॉर्म तीनदा परत आला

आमच्या दादूला ऑटिझम (स्वमग्नता) आहे हे आम्हाला तो तेरा वर्षांचा झाल्यावर कळलं. खरं नाव लिहीत नाही, घरी दादूच म्हणतो. सगळं होऊन आता बरेच महिने झाले तरी त्या फॉर्मचा राग माझ्या डोक्यातून जात नाहीये. ज्यांचं मूल मोठं आहे आणि आत्ता कुठे शंका यायला लागलीय त्यांना ही गोष्ट आधी कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितेय. आम्हाला कुणी सांगितली नव्हती.

दादू उशिरा बोलला वगैरे काही नाही. उलट तीन-चार वर्षांचा झाला तेव्हा आमच्या घरात कुणीच बोलत नाही असं बातम्यांमधलं मराठी बोलायला लागला. आम्ही साताऱ्याकडची माणसं, आमच्यात 'पाणी दे गं' एवढंच, आणि हा म्हणायचा "आजी, मला पाणी हवे आहे." शेजारी कौतुकाने शास्त्रीबुवा म्हणायचे. मग दुसरीपासून धरणं सुरू झाली. पावसाळ्यात पेपरात रोज धरणांचा पाणीसाठा येतो ना, तो कोपरा कापून वहीत चिकटवायचा. कोयनेची क्षमता १०५.२५ टीएमसी, वक्र दरवाजे सहा, हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पाहुण्याने ऐकलंय, पाहुणा चप्पल घालून निघाला तरी हा त्याच्यामागे फाटकापर्यंत जाऊन वाक्य पूर्ण करणार. आम्ही म्हणायचो हुशार आहे. हुशार आहेच तो.

सातवीपर्यंत निभावलं. आठवीला शाळा बदलली, वर्गात साठ पोरं, प्रत्येक विषयाला वेगळे सर, आणि दादू घरी आला की युनिफॉर्मसकट कॉटखाली जाऊन पडायला लागला. तासभर, दीड तास. शाळेतून चिठ्ठ्या यायला लागल्या की उद्धट आहे, उलट उत्तरं देतो. एकदा सरांनी रागाने विचारलं, "तुला वर्गात बसायचंय की नाही?" तर हा "नाही" म्हणाला आणि दप्तर उचलून बाहेर गेला. त्याला विचारलं, त्याने खरं ते सांगितलं, एवढंच झालं होतं. मग १५ ऑगस्टच्या कार्यक्रमात स्पीकर कर्कश्श वाजला तेव्हा हा कान दाबून ओरडला आणि वाटेत आलेल्या मुलाला ढकललं. शाळेने आम्हाला बोलावून दाखला काढून न्या असं तोंडावर सांगितलं. (आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, शिक्षण हक्काच्या म्हणजे आरटीई कायद्यात तसं स्पष्ट आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं, मी नुसती रडत बसले. तुम्ही रडू नका, हे सांगा.)

फॅमिली डॉक्टर म्हणाले वयात येतोय. मुलांचे डॉक्टर म्हणाले एकुलता एक आहे, लाडावलाय. शेवटी नणंदेच्या ओळखीतल्या एक स्पेशल एज्युकेटर ताई, त्यांनी फोनवर दहा मिनिटं मधे एक शब्द न बोलता ऐकून घेतलं आणि म्हणाल्या ऑटिझमसाठी तपासून घ्या. मी म्हणाले अहो तो बोलतो की, मार्कही बरे आहेत. त्या म्हणाल्या अशा मुलांना आधी ॲस्पर्जर म्हणायचे, २०१३ मध्ये डीएसएम-५ (डॉक्टर मानसिक निदानासाठी वापरतात ते अमेरिकन पुस्तक) आलं तेव्हापासून ते वेगळं नाव गेलं, आता सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात. बोलणं उशिरा यायलाच पाहिजे असं काही नाही. त्यांनीच पुण्यातल्या एका सेंटरचा नंबर दिला.

आणि इथून पुढे आमचे पाच महिने गेले.

सेंटरवाले म्हणाले आधी फॉर्म भरून पाठवा, तो पूर्ण असेल तरच तारीख मिळेल. चौदा पानं, सगळी इंग्रजीत. पहिली दोन पानं नाव पत्ता शिक्षण, आणि तिथून पुढे सगळं दादूच्या पहिल्या तीन वर्षांबद्दल. मान कधी धरली, कधी बसला, पहिला शब्द कुठला, हाक मारल्यावर बघायचा का, टाटा करायचा का, बोट दाखवून वस्तू मागायचा का, बोट दाखवून तुम्हाला काही 'बघ बघ' म्हणून दाखवायचा का. हे शेवटचे दोन मला एकच वाटले म्हणून दोन्हीला हो लिहिलं. मुलगा तेरा वर्षांचा, त्रास आत्ता होतोय, शाळा आत्ता काढतेय, आणि हे विचारतायत मान कधी धरली! सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, म्हणाल्या "लिही, सगळं वेळच्या वेळी झालं, माझ्या मांडीवर वाढलाय." मी सगळीकडे नॉर्मल लिहून पाठवून दिलं.

तीन आठवड्यांनी परत. माहिती अपुरी. फोन केला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, अर्ली हिस्ट्री दिलेली नाहीये मॅडम. मी म्हटलं नॉर्मल लिहिलंय ना, अजून काय लिहू? तर म्हणते, "ते तुम्हालाच माहीत असणार ना मॅडम, तुम्ही आई आहात." हे वाक्य मी अजून विसरलेली नाही. त्या रात्री जेवले नाही मी. तेरा वर्षांपूर्वीचं, सकाळी पाचला उठून डबे करून नोकरीला पळायचे ते दिवस, त्यात याने टाटा कितव्या महिन्यात केला हे मला आठवत नाही म्हणजे मी आई म्हणून कमी पडले का, हेच डोक्यात.

दुसऱ्यांदा अंदाजाने महिने टाकले. परत. कारण यांच्या पानावर (वडिलांसाठी वेगळं पान होतं) वेगळं आणि माझ्या पानावर वेगळं. तिसऱ्यांदा दोघांनी एकमेकांचं बघून सारखं लिहिलं, तर उदाहरणं द्या म्हणून परत. दर वेळी फॉर्म परत आला की आपला नंबर रांगेत शेवटी. सप्टेंबरमध्ये सुरू केलेलं, दिवाळी गेली, डिसेंबर आला, इकडे मुलगा कॉटखाली, आणि तिकडून एकही माणूस सांगायला तयार नाही की त्यांना नक्की काय पाहिजे आणि का पाहिजे.

ते का पाहिजे हे शेवटी तिथल्या क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमनीच पाच मिनिटांत सांगितलं, पण तोपर्यंत फेब्रुवारी उजाडला होता. ऑटिझम नंतर कधीतरी लागत नाही, तो पहिल्यापासून असतो. म्हणून निदानाच्या नियमातच आहे की खुणा अगदी लहानपणापासून असायला हव्यात, मग त्या लक्षात केव्हाही येवोत. हुशार मुलांमध्ये बऱ्याचदा शाळेचा ताण झेपेनासा झाला की मगच उघड दिसतं. आणि तेरा वर्षांचं मूल गप्प आहे, चिडतंय, कुणात मिसळत नाही तर त्याचं कारण नैराश्य असू शकतं, भीती असू शकते, वर्गात पोरं छळत असतील, काहीही. यातलं कुठलं हे ठरवायला लहानपणीची माहिती लागते. मला इतकं पटलं ना ते. मग एवढंच दोन ओळीत मराठीत त्या फॉर्मच्या वर छापायला काय झालं होतं? मी पहिल्याच दिवशी कपाट उपसलं असतं.

तर कपाट उपसा, हेच सांगायचंय. फॉर्म हातात येण्याच्या आधी. आम्हाला तिसऱ्यांदा फॉर्म परत आल्यावर त्या फोनवाल्या ताईंनीच सुचवलं की जुने व्हिडिओ आहेत का बघा. दादूच्या मामाचं लग्न मे २०१३ मध्ये झालं, तेव्हा दादू तीन वर्षांचा व्हायचा होता. त्याची डीव्हीडी होती पण लावायला घरात काहीच नाही, लॅपटॉपलाही आता तो कप्पा नसतो, गावातल्या फोटो स्टुडिओवाल्याने दोनशे रुपयांत पेनड्राइव्हवर करून दिलं. रात्री सगळे बसून बघितलं. हळदीचा कार्यक्रम चाललाय, सगळी पोरं मांडवात धावतायत, आणि दादू कोपऱ्यातल्या मोठ्या उभ्या पंख्यासमोर एकटा, हातात झेंडूच्या माळेचा तुटलेला तुकडा, तो डोळ्याच्या अगदी जवळ धरून हलवतोय. मागून सासूबाईंचा आवाज येतो, "दादू... ए दादू, हिकडं बघ की." चार वेळा. तो बघतच नाही. मग बँड सुरू होतो तसे दोन्ही हात कानावर घेऊन रुखवताच्या टेबलाखाली जाऊन बसतो.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. थोड्या वेळाने म्हणाल्या, मागं ने जरा. आम्ही परत लावलं. मग स्वतःच सांगायला लागल्या की हा लहानपणी बोट नव्हताच दाखवत, माझा हात धरून डब्यावर नेऊन ठेवायचा, मला वाटायचं लाडात आलाय. आणि चंदामामा दाखवला तरी माझ्या बोटाकडंच बघायचा. मी भरलेल्या त्या दोन 'हो'ची उत्तरं अशी दहा वर्षांनी मिळाली. त्या रात्री वहीत चार पानं भरली.

मग बालवाडीच्या बाईंकडे गेलो. त्या रिटायर झाल्यात पण दादू लक्षात होता, कारण हा डबा फक्त खिडकीपाशी बसून खायचा आणि जागा बदलली तर उपाशी राहायचा. त्यांनी एका कागदावर लिहून सही करून दिली. चौथ्यांदा फॉर्म गेला त्याच्यासोबत तो कागद, व्हिडिओतला तुकडा आणि सासूबाईंनी सांगितलेलं होतं. आठ दिवसांत तारीख आली. आठ दिवसांत!

तपासणीचं फार सांगण्यासारखं नाही, चांगली झाली. कानांची टेस्ट, आयक्यू, मग एडॉस म्हणून एक असते त्यात मॅडम त्याच्याशी तासभर गप्पा मारत, काही करायला देत बसल्या होत्या, आम्ही बाहेर. त्याने कोयनेचं सगळं सांगितलं म्हणे. इसा नावाचा भारतातला तक्ता आहे, चाळीस प्रश्न, प्रत्येकाला एक ते पाच मार्क, ७० च्या खाली असेल तर ऑटिझम धरत नाहीत, ७० ते १०६ सौम्य. दादूचे ८४ आले. दिव्यांगत्वाच्या सरकारी सर्टिफिकेटला हा इसाच चालतो, त्यामुळे प्रायव्हेटमध्ये करत असाल तर रिपोर्टमध्ये इसाचा स्कोअर लिहून घ्या, आणि करणाऱ्या सायकॉलॉजिस्टची आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी आहे का आधीच विचारा. लाजू नका, नंबर मागा. नेटवर ज्या प्रश्नावल्या फिरतात त्यातली एम-चॅट ही १६ ते ३० महिन्यांच्या बाळांसाठी आहे, मोठ्या मुलासाठी ती भरून काही उपयोग नाही, मी दोन रात्री त्यात घालवल्या.

रिपोर्ट हातात आला तेव्हा मला वाटलं होतं मी कोसळेन, पण तसं काहीच झालं नाही. इतकं हलकं वाटलं. तो उद्धट नाही, लाडावलेला नाही, आम्ही त्याला बिघडवलं नाही. हे रिक्षात बसल्यावर एवढंच म्हणाले, "त्या पंधरा ऑगस्टला मी त्याला मारायला नको होतं." दादूने रिपोर्ट स्वतः वाचायला मागितला, आम्ही दिला. एवढ्या मोठ्या मुलाला त्याच्याबद्दलचं लपवून काय ठेवायचं. त्याने पूर्ण वाचला आणि विचारलं की म्हणजे बाकीच्यांना ट्यूबलाइटचा आवाज येत नाही का. इतकी वर्षं तो समजत होता की सगळ्यांना येतो आणि सगळे सहन करतात.

पैसे: आमचे सगळं मिळून पुण्याच्या फेऱ्या धरून वीस हजारांच्या पुढे गेले. ज्यांना जमणार नाही त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या सरकारी हॉस्पिटलमध्ये डीईआयसी (डिस्ट्रिक्ट अर्ली इंटरव्हेन्शन सेंटर, मुलांच्या तपासणीचं केंद्र) आहे का विचारा, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली ते असतं आणि तो कार्यक्रम अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नावात 'अर्ली' असल्यामुळे मला वाटलं होतं फक्त बाळांसाठी, म्हणून मी चौकशीच केली नाही. सर्टिफिकेट आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) आमचं सुरळीत झालं, ऑनलाइन अर्ज केला, मेडिकल बोर्डाच्या दिवशी गेलो. ऑटिझम २०१६ च्या दिव्यांग कायद्यातल्या एकवीस प्रकारांत आहे, 'तो तर धडधाकट दिसतो' असं कुणी म्हणालं तर हे सांगायचं. दहावीला सवलती मिळतात, जादा वेळ वगैरे, त्यासाठी शाळेमार्फत अर्ज जातो, तेव्हा नववीतच कागद तयार ठेवा.

एक राहिलं. तपासणीला शक्यतो सकाळची वेळ मागून घ्या आणि मुलाला आदल्या दिवशी कागदावर लिहून द्या की किती वाजता निघायचं, कुठली खोली, किती वेळ, मधे काय खायचं. दादूने तो कागद खिशात ठेवला होता आणि एकेक झालं की पेनने खूण करत होता. परत येताना शेवटची खूण 'वडापाव' समोर केली आणि साताऱ्यापर्यंत शांत झोपला.