पुस्तिका ए-फोर का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाण्यातली माझी मैत्रीण उरलेल्या कापडातून कपडे शिवते आणि प्रत्येक कपड्यासोबत जाणारी पुस्तिका मी करते. ती हातात घेतली की बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच: एवढी लहान का? ए-फोर केली असती तर फोटो किती छान दिसले असते!

पहिला अंक ए-फोरच होता. वागळे इस्टेटमधल्या प्रेसवर छपाई बघायला गेले, तर कटिंग मशीनच्या पायथ्याशी कोऱ्या पट्ट्यांचा ढीग. मोजून पाहिलं. कागद होता २३ × ३६ इंचांचा. ए-फोरची उंची ११.७ इंच, म्हणजे २३ इंचांत दोन पानं थोडक्यात हुकतात. आडवी लावली तर सहाच बसतात आणि साडेसहा इंचांची पट्टी रद्दीत जाते. चिंधीसुद्धा जपणाऱ्या बाईच्या कामाबद्दल मी असा कागद फेकून छापत होते. फार लागलं ते मनाला.

मग मैत्रिणीच्या कटिंग टेबलापाशी एक दुपार बसले. तिच्याकडे कापड बेतणारे मास्टरकाका बाहीचा पॅटर्न कापडावर ठेवत, उलटा करत, बोटभर सरकवत, मुंढ्याच्या (जिथे बाही जोडतात त्या भागाच्या) गोलाईशेजारी कॉलर मावतेय का बघत. "आधी पन्हा बघायचा, मग डिझाइन," ते म्हणाले. पन्हा म्हणजे कापडाची रुंदी.

मी तेच केलं. पान साडेपाच बाय साडेआठ इंच ठेवलं. कागदाच्या एका बाजूला १६ पानं, पाठपोट ३२. एका कागदात आतली अख्खी पुस्तिका! कडेचं उरतं ते ग्रिपरला (मशीन कागद पकडतं ती कड) आणि ट्रिमिंगला, म्हणजे कडा सारख्या कापायला, लागतंच. त्यासाठी दोन लेख गाळले. दुरुस्तीची पानं मात्र सोडली नाहीत: खऱ्या मापात काढलेला धावदोरा, झिजलेली कॉलर उसवून उलटी कशी लावायची ते. पिना मारत नाही. घडीवर तीन भोकं पाडून दोरा ओवतो, तोही संपत आलेल्या रिळांचा, म्हणून एकेका प्रतीचा रंग वेगळा.

मुखपृष्ठ होजिअरीच्या चिंध्यांपासून केलेल्या हातकागदाचं. लॅमिनेशन नाही, कारण प्लास्टिक चढलं की कागदाचा पुन्हा लगदा करणं अवघड. त्यामुळे ते लवकर मळतं, ही तुमची तक्रार खरी आहे. पुढच्या अंकाला कापडी वेष्टण शिवतोय, मुंढ्याजवळ उरणाऱ्या तुकड्यांतून. माप या वेळी आधी काकांना विचारलंय.