चाळिशीतलं पळून जाणं

ऐतिहासिक प्रेमकथांचा मला जुना नाद. घोडागाड्या, मेणबत्त्या, लाखेची मोहोर लावलेली पत्रं, सगळं आवडतं. नायिका मात्र हटकून अठरा वर्षांची. पूर्वी हे खटकत नव्हतं. नाकावर चाळिशी चढली आणि खटकायला लागलं. त्या काळी चाळिशीतली माणसं काय नुसती मुलींची स्थळं बघत बसायची?

अशा वेळी मी खऱ्या इतिहासाकडे वळते. तिथे एलिझाबेथ बॅरेट भेटते. लंडनच्या विंपोल स्ट्रीटवर राहणारी नावाजलेली कवयित्री. पण वर्षानुवर्षं आजारी, बहुतेक वेळ खोलीतच. वडिलांचा दंडक असा, की मुलामुलींपैकी कुणीही लग्न करायचं नाही. जानेवारी १८४५मध्ये तिला रॉबर्ट ब्राउनिंग या कवीचं पत्र आलं. ती ३८ वर्षांची, तो ३२. तुमच्या कविता मनापासून आवडतात, असं लिहिता लिहिता तुम्हीही आवडता, हे त्यानं पहिल्याच पत्रात सांगून टाकलं. भेट व्हायला मात्र मे उजाडला. वीस महिन्यांत दोघांनी साडेपाचशेहून जास्त पत्रं लिहिली. लंडनमध्ये तेव्हा दिवसातून अनेकदा टपाल वाटलं जाई, त्यामुळे सकाळचा रुसवा संध्याकाळपर्यंत निघत असावा. (हा माझा तर्क.)

मला खरी गोडी वाटते ती पुढच्या तयारीची. अठराची नायिका खिडकीतून उडी मारते आणि घोड्यावर बसते. ही बाई पळून जाण्याआधी जिना उतरायला शिकली. खोलीतून खाली दिवाणखान्यात पायी येणं, मग गाडीतून बाहेर, मग बागेत हिरवळीवर चार पावलं. प्रेमात पडून माणूस हवेत तरंगतो म्हणतात. हिला आधी जमिनीवर उभं राहायचं होतं.

१२ सप्टेंबर १८४६ला ती मोलकरणीला सोबत घेऊन चर्चकडे निघाली. वाटेत घेरी यायला लागली, म्हणून औषधाच्या दुकानात थांबून हुंगायचं औषध घ्यावं लागलं. स्वतःच्या लग्नाला निघालेली ही चाळीस वर्षांची वधू मला साऱ्या काल्पनिक नायिकांहून देखणी वाटते.

आणि लग्न लागल्यावर ती काय करते? घरी जाते! अंगठी काढून ठेवते आणि आठवडाभर त्याच घरात, त्याच वडिलांसमोर राहते. अठराव्या वर्षी हे साधलं नसतं; पहिल्याच जेवणाला चेहऱ्यानं चहाडी केली असती. १९ तारखेला ती निघाली. सोबत नवरा, मोलकरीण आणि फ्लश नावाचा लाडका कुत्रा. मुक्काम इटली.

वडिलांनी तिची पत्रं कधी उघडलीसुद्धा नाहीत, तशीच परत केली. तिकडे १८४९मध्ये, त्रेचाळिसाव्या वर्षी, तिला मुलगा झाला.