तुरळक म्हणजे थोडा नव्हे

आमच्या वाडीच्या ग्रुपवर रोज सकाळी हवामान मी टाकते. सात-सव्वासातला, चहा गाळून झाला की. कोणी नेमलेलं नाही, मानधन नाही, उलट एखाद दिवशी उशीर झाला तर "वहिनी, आज पाऊस रजेवर काय" असं येतं. शिमगा झाला की सुरू करते आणि मृग लागला की बंद, कारण त्यानंतर अंदाज कसला डोंबलाचा द्यायचा, पाऊस आहेच.

हे सगळं सुरू झालं आमसुलांमुळे. तीन वर्षं झाली असतील, मे चा पहिला आठवडा. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, भरपूर मिळालेले, आम्ही जावाजावांनी दोन दिवस बसून फोडले, हात कोपरापर्यंत लाल. ज्यांनी कधी केलं नाही त्यांना सांगते, आमसुलं एका दिवसात होत नाहीत, साली मीठ घातलेल्या रसात बुडवायच्या, दिवसभर कडक उन्हात घालायच्या, संध्याकाळी काढून परत रसात, असं पाच-सहा दिवस तरी चालतं तेव्हा तो काळपट लाल रंग येतो. तर चौथा दिवस होता. सकाळी मोबाईलवर जिल्ह्याचा अंदाज बघितला, "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह हलका ते मध्यम पाऊस". मी म्हंटलं तुरळक आहे ना, म्हणजे चार थेंब, धूळ पण बसणार नाही. आणि गेले देवरुखला बँकेच्या कामाला. चारच्या एसटीने परत आले तर खळ्यातून, म्हणजे घरापुढच्या अंगणातून, पायवाटेपर्यंत लाल पाण्याचा ओहोळ. सासूबाईंनी एकटीने दोन सुपं उचलून पडवीत आणली होती, बाकी सगळं गेलं. त्या काही बोलल्या नाहीत, ते जास्त लागलं.

रात्री बसून नीट वाचलं तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तुरळक हा शब्द पावसाला लावलेला नाहीच, तो ठिकाणांना लावलेला आहे! हवामान खात्याच्या भाषेत तुरळक ठिकाणी म्हणजे त्या भागातल्या पंचवीस टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, काही ठिकाणी म्हणजे 26 ते 50 टक्के, त्याच्यावर बऱ्याच ठिकाणी, आणि 75 च्या पुढे गेलं की जवळजवळ सगळीकडे. म्हणजे शंभरातल्या पंचवीस ठिकाणी ढग फुटो किंवा एका ठिकाणी, शब्द तोच. किती पडणार ते दुसऱ्या शब्दात असतं. हलका म्हणजे 15 मिलीमीटरच्या आसपासपर्यंत, आणि मध्यम जो आपल्याला एकदम निरुपद्रवी वाटतो तो 64 मिलीमीटरपर्यंत जातो. चोवीस तासांत 64 मिलीमीटर आषाढात आम्ही मोजत पण नाही, पण वैशाखात तोच पाऊस एका तासात खळ्यावर उतरला तर काय होतं ते मी बघितलंय. आणि अजून एक गंमत, त्यांचा पावसाचा दिवस मोजतात सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी सकाळी साडेआठ. पहाटे चारला पडला तर तो कॅलेंडरप्रमाणे आजचा, पण त्यांच्या हिशोबात कालच्या चोवीस तासांतला. हे माहीत नसेल तर माणूस उगाच भांडतो, आमच्या ग्रुपवर भांडलेत.

मी राहते साखरप्याजवळ, आंबा घाटाच्या पायथ्याशी. माहेर भाट्ये, रत्नागिरीच्या खाडीपलीकडे. आमच्या इथून वाहणारी काजळी नदीच पुढे भाट्याच्या खाडीत समुद्राला मिळते, त्यामुळे लग्नात मावशी म्हणाली होती की बरं झालं गो, पाण्याच्या उलट दिशेने चाललीस तेवढंच. सरळ रेषेत धरलं तर पंचेचाळीस एक किलोमीटर. जिल्हा एक, अंदाजाची ओळ एक, आणि हवा मात्र दोन वेगळ्या देशांची वाटावी इतकी वेगळी. टीव्हीवर रत्नागिरी 33 अंश दाखवतात ते खरंच असतं, पण ते समुद्राकाठच्या वेधशाळेचं. जिल्ह्यात हवामान खात्याच्या जुन्या वेधशाळा दोन, रत्नागिरी आणि हर्णै, दोन्ही पाण्याच्या कडेला. आमच्याकडे त्याच दुपारी पत्र्याखाली बसवत नाही.

कारण शाळेत शिकलेलं खारे वारे मतलई वारे, तेच. तेव्हा पाठ केलं, कळलं आत्ता. मार्च-एप्रिलमध्ये सकाळी वारा घाटावरून खाली येतो, कोरडा. जमीन तापत जाते, मग कधीतरी समुद्रावरचा वारा आत शिरतो आणि पारा तिथेच थांबतो. आता हा खारा वारा अकराला आला तर रत्नागिरीत 32-33 वर भागतं, पण पूर्वेचा वारा जोर धरून बसला आणि खाऱ्याला यायला दीड-दोन वाजले तर तेच तापमान 37-38 ला जाऊन टेकतं. सगळा खेळ त्या दोन-तीन तासांचा. म्हणून तर फेब्रुवारी-मार्चमध्येच कोकणात उष्णतेच्या लाटेचे इशारे येतात आणि घाटावरची माणसं हसतात की 37 ला लाट म्हणता? किनारपट्टीला निकषच वेगळा आहे, 37 किंवा वर आणि शिवाय सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी तरी जास्त, कारण इथे दमटपणामुळे घाम वाळत नाही. मैदानात 40 लागतात. आमच्यासारख्या पायथ्याच्या गावांना कुठला निकष लावायचा हे कोणी विचारत नाही, आम्ही आपले किनारपट्टीच्या जिल्ह्यात बसून मैदानासारखे भाजतो. मात्र पहाटे गोधडी लागते, ती भाट्याला नाही लागत, तेवढं आमचं सुख.

हा उकाडा नुसता माणसांना नाही. नवऱ्याची आंब्याची कलमं आहेत, फार नाहीत, पण आहेत. फळ सुपारीएवढं असताना असे चार दिवस आले की सकाळी झाडाखाली सडा. जरा मोठं फळ असेल तर उन्हाकडची बाजू भाजते, ते पेटीत जात नाही, ते मग आमच्या साठांत, म्हणजे आंबापोळीत. ढगाळ राहिलं तर तुडतुडे आणि भुरी, पाऊस झाला तर करपा. त्यामुळे आमच्या घरात हवामानाचे दोन गिऱ्हाईक, मला विचारायचं असतं वाळवण घालू का आणि त्याला विचारायचं असतं फवारणी आज करू की परवा, कारण औषध मारलं आणि दोन तासांत सर आली की पैसे वाहून गेले. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो, तो नवरा वाचतो, मी रोजचा बघते, आणि दोघांचं जमलं नाही की सासूबाई.

सासूबाईंचं आता सांगायलाच हवं. त्या दहा वाजता खळ्यात येऊन उभ्या राहतात, बाकी काही करत नाहीत. "वारा अजून फिरला नाय गो, आज भाजणार." आणि भाजतं. बारा-एकला घाटाच्या डोक्यावर कापूस पिंजून रचल्यासारखे ढग चढायला लागले की, "चारच्या आत गोळा कर." याचं पण शास्त्र तेच आहे, समुद्राचा ओला वारा आत येत येत सह्याद्रीला आपटतो, वर चढतो, पलीकडून देशावरचा कोरडा वारा येऊन भिडतो, आणि दुपारी तीन ते सहाच्या दरम्यान कडकडाट. म्हणून एप्रिल-मे चा हा पाऊस आधी साखरपं, देवरुख, लांज्याच्या वरच्या गावांना गाठतो, नंतर वरचा वारा पूर्वेचा असेल तर ढग समुद्राकडे सरकतात आणि भाट्याला पोचेपर्यंत त्यांच्यात नुसता गार वारा आणि लांबची गडगड उरते. भाऊ फोन करतो, ताई तुमच्याकडे पडला काय, इथे वास आला. मातीचा वास पाठवतो आम्ही त्यांना.

पण सासूबाई नेहमी बरोबर असतात असं लिहिलं तर ते खोटं होईल. गेल्या महिन्यात त्यांनी एक वाजताच सगळं उचलायला लावलं, फणसपोळ्या, कुळीथ, मिरच्या, धावपळ करून जीव गेला, आणि ढग आमच्या डोळ्यांदेखत लांज्याकडे निघून गेला. संध्याकाळपर्यंत लख्ख ऊन. त्या म्हणाल्या, पडला ना, तिकडे पडला. म्हणजे तुरळक ठिकाणी!

त्यामुळे आता मी सकाळच्या एका ओळीवर थांबत नाही. सकाळी जिल्ह्याचा अंदाज, मग दुपारी एकनंतर गोव्याच्या रडारचं चित्र, आणि पुढच्या तीन तासांसाठी जो तात्काळ इशारा येतो तो. दामिनी ॲप सगळ्यांच्या फोनमध्ये मी स्वतः टाकून दिलंय, वीज कुठे पडतेय ते 20 आणि 40 किलोमीटरच्या वर्तुळात दाखवतं. आंबे काढायला पोरं झाडावर असतात घळ, म्हणजे जाळी लावलेली काठी, घेऊन, त्यांना वरून खाली उतरायला पण वेळ लागतो, तर 40 च्या वर्तुळात ठिपके दिसले की मी हाका मारायला सुरुवात करते. पोरं वैतागतात. वैतागू देत.

भावाची गरज तिसरीच. त्याला पावसाचं काही नाही, त्याला वारा आणि लाटा. 4 मे 2024 ची गोष्ट, आकाश निरभ्र, वारा नाही, मी आपलं टाकलं की हवा कोरडी, काळजी नाही. तो म्हणाला तू घाटातलं बघतेस, हैदराबादच्या इन्कॉइसने, म्हणजे समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राने, दोन दिवस उंच लाटांचा इशारा दिलाय. मला वाटलं वादळ नाही तर लाटा कुठून? तर त्या हिंदी महासागराच्या पार दक्षिण टोकाकडून, हजारो किलोमीटर लांबच्या वाऱ्याने उठवलेल्या, इथे काही कारण नसताना येऊन आदळतात. केरळात त्याला कल्लक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. तेव्हापासून भाट्याचा समुद्र मी माझ्या मेसेजमध्ये घेत नाही, ते खातं भावाचं.

आणि 2025 चा मे तर विचारूच नका. 20 तारखेपासून सुरू झालं ते थांबेना, अरबी समुद्रात कमी दाबाचं क्षेत्र, त्याचा पुढे डिप्रेशन, म्हणजे आणखी तीव्र पट्टा, झाला, 24 तारखेला तो रत्नागिरी-दापोलीच्या मध्येच किनाऱ्यावर चढला, त्याच दिवशी मान्सून केरळात, एरवी तो 1 जूनला येतो, आणि 25 ला देवगडपर्यंत. लाकडं भरायची राहिली, कौलं चाळायची राहिली, शेवटचे आंबे झाडावर. तेव्हा मात्र इशारे आधीपासून येत होते, ऑरेंज, रेड, सगळं. मी टाकत होते, लोक खाली अंगठ्याचं चिन्ह टाकत होते, पण मे मध्ये पावसाळा येईल हे कोणाच्या मनालाच पटेना, माझ्याही. नवऱ्याने 19 तारखेला विचारलेलं, उतरवू का सगळं, मी म्हंटलं चार दिवस थांब अजून डेख भरू दे, म्हणजे आंबा देठाशी नीट भरू दे.

त्याच आठवड्यात, 26 मे ला, हवामान खात्याची नवीन भारत फोरकास्ट सिस्टीम, म्हणजे अंदाज काढायचं संगणकाचं मॉडेल, सुरू झाली, नकाशाचे चौकोन पाडून ती अंदाज देते, तिचा चौकोन सहा किलोमीटरचा, आधीच्या मॉडेलचा बाराचा होता. मी कागदावर मांडून बघितलं, आमच्या घरापासून भाट्यापर्यंत आधी चार चौकोन बसायचे, आता सात-आठ. म्हणजे निदान कागदावर तरी माहेर आणि सासर वेगळे झाले. पण एक ढग केवढा असतो, दोन-चार किलोमीटरचा, आमच्या वाडीत धो धो आणि स्टॉपवर धूळ, हे मी किती वेळा बघितलंय, तो त्या चौकोनात कुठे बसणार ते दुपारी खळ्यात जाऊनच बघायचं.

तर आता माझा मेसेज असा असतो, आजचाच देते: "जिल्हा: तुरळक ठिकाणी गडगडाटी पाऊस, वारा ताशी 30 ते 40 किमी. आपल्याकडे: साडेबारापर्यंत वाळवण घाला, नंतर घाटाकडे बघा. फवारणी नको. झाडावर चढणाऱ्यांनी तीनच्या आत खाली. आई म्हणतात पडणार नाही."

याच्याखाली पहिला रिप्लाय धाकट्या जावेचा. तिच्या भावाचं लग्न आहे 17 दिवसांनी, मांडवावर ताडपत्री सांगायची की नुसतं कापड. तिला कालच सांगितलं की पाच दिवसांच्या पुढचं मला विचारू नकोस, कोणालाच विचारू नकोस. तर आज तिने लिहिलंय, "बरं मग पाच दिवस आधी सांगा, तोवर मांडववाल्याला थांबवते."