लेबल कापलेले टिलवे

महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात मी प्रयोगशाळा सहायक आहे. संग्रहालयाच्या किल्ल्या माझ्याकडे असतात. बाहेरच्यांना वाटतं, काचा पुसायच्या आणि डांबरगोळ्या बदलायच्या, एवढंच काम. खरं काम खणांमधलं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात भिंती घाम सोडतात, तेव्हा एकेक स्किन, म्हणजे आतलं मांस काढून अभ्यासासाठी वाळवलेला पक्षी, पालथी करून पिसांच्या बुडाशी कसर लागली का ते बघावं लागतं, आणि तेही हातमोजे घालून, कारण जुन्या स्किन अर्सेनिकच्या साबणानं टिकवलेल्या आहेत.

गेल्या हिवाळ्यात पीएच.डी. करणारी एक मुलगी परवानगीचं पत्र घेऊन आली. तिला छोट्या टिलव्यांची मापं घ्यायची होती. चिमणीएवढा हा पक्षी सायबेरियाच्या टुंड्रात जन्मतो आणि थंडीत आपल्याकडच्या तलावांच्या कडेला चिखल टोचत फिरतो. आमच्याकडचे टिलवे विभागातल्या एका जुन्या प्राध्यापकांनी 1950च्या दशकात कळंबा, रंकाळा आणि राजाराम तलावावर गोळा केलेले. 1972च्या वन्यजीव कायद्यानंतर असा संग्रह वाढवणं जवळपास थांबलंच. म्हणजे आहे तो खण परत मिळणार नाही.

खण उघडताना तिनं मला सांगितलं की स्थलांतरित किनारपक्ष्यांची शरीरं बदलत चालली आहेत. ऑस्ट्रेलियात गेल्या अर्धशतकातल्या मोजमापांत हे पक्षी लहान होत गेलेले दिसतात, चोची मात्र लांबल्या आहेत. लहान शरीर आणि मोठी चोच असली की उष्णता लवकर बाहेर पडते, म्हणून उष्ण हवेत हा बदल अपेक्षितच. पण रेड नॉट या पक्ष्याचं उलटं निघालं. 2016 साली यान व्हान गिल्स आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की सायबेरियातल्या तैमिरमध्ये बर्फ लवकर वितळतं, पिल्लं बाहेर येईपर्यंत किड्यांचा बहर ओसरलेला असतो, आणि उपाशी वाढलेली पिल्लं अंगानं लहान आणि चोचीनं आखूड राहतात. हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेतल्या मॉरिटानियाच्या किनाऱ्यावर त्यांची चोच वाळूत खोल बसलेल्या शिंपल्यांपर्यंत पोचत नाही, आणि त्यांच्यातले कमी जगतात. एकीकडे चोच लांबते, एकीकडे आखूड होते. आपल्याकडे येणाऱ्या टिलव्यांचं काय होतंय, हे जुनी मापं असल्याशिवाय कुणी सांगू शकणार नाही.

‘‘काका, ह्यांची जुनी लेबलं कुठायत?’’ तिनं विचारलं.

प्रत्येक टिलव्याच्या पायाला नवंकोरं छापील कार्ड होतं. वर इंग्रजी नाव, खाली लॅटिन नाव. तारीख नाही, ठिकाण नाही, नर की मादी ते नाही. काही वर्षांपूर्वी तपासणी समिती येणार म्हणून संग्रहालय ‘आकर्षक’ करायचा हुकूम निघाला होता. त्या वेळी माझी बदली कार्यालयात होती. पिवळी पडलेली लेबलं दोऱ्यासकट कापून टाकली गेली. ज्यांनी हे करवलं ते प्राणिशास्त्र शिकवणारे होते, याचा मला आजही संताप येतो. लेबलाविना स्किन म्हणजे सातबाऱ्याविना जमीन. टिलव्याची सबंध चोच दोनेक सेंटिमीटरचीही नसते. तीत फरक शोधायचा तो मिलिमीटरच्या अंशांचा. मादीची चोच मुळातच नरापेक्षा थोडी लांब, म्हणून नर-मादी कळली नाही तर मापाला अर्थच उरत नाही.

त्या जुन्या प्राध्यापकांची नोंदवही मात्र शिल्लक होती. लोखंडी कपाटात तळाला, कापडी बांधणीची. सरांचं अक्षर सुवाच्य. तारीख, तलाव, शवविच्छेदनात दिसलेलं लिंग, पंखाची लांबी इंचात, शेवटी बारीक अक्षरात शेरा. क्रमांकही होते, पण स्किनवरचा क्रमांक लेबलाबरोबर गेलेला.

मला वाटलं, पंख मोजू आणि नोंदीशी जुळवू. ती म्हणाली, ‘‘मापावरून ओळख पटवली तर तेच माप नंतर पुरावा म्हणून वापरता येणार नाही.’’ शिवाय स्किन वाळताना पंख थोडा आक्रसतो. सरांनी तो पट्टीवर दाबून मोजला की नैसर्गिक बाकासकट, हेही वहीत नाही.

मग आम्ही शेरे धरले. ‘पाचवे पीस अर्धे वाढलेले’, ‘डाव्या पंखास छर्रा’, ‘पाठीवर पांढरा व्ही, पहिल्या वर्षाचा’. टेबलदिवा तिरका लावून एकेक पंख चिमट्यानं दोन बोटं उघडायचा. वाळलेल्या स्किनचा पंख याहून जास्त ताणला तर सांध्यात तुटतो. हे काम मीच केलं, तिला करू दिलं नाही. एका टिलव्याचं पाचवं पीस खरंच शेजारच्यापेक्षा आखूड निघालं, बुडाशी अजून मेणासारखी नळी होती. वहीत तशी एकच नोंद: मादी, कळंबा, डिसेंबर. तिनं व्हर्निअर लावून चोचीच्या टोकापासून पिसांच्या कडेपर्यंत माप घेतलं. मग मी पुन्हा घेतलं. दोन्ही जुळेपर्यंत आम्ही पुढचा पक्षी उचलला नाही.

संध्याकाळपर्यंत मोजकेच पक्षी ओळखता आले. त्यांना मी सुती कागदाचं लेबल चिनी शाईनं लिहून बांधलं, कोपऱ्यात ‘शेऱ्यावरून ओळख’ अशी खूण केली. बॉलपेन उडतं, म्हणून वापरत नाही. छापील कार्डंही काढली नाहीत. स्किनवरून काहीही काढायचं नाही, हा नियम आता मी खणावर लिहून लावला आहे.

दोन टिलव्यांवर आमचं एकमत झालेलं नाही. दोघांच्याही डाव्या पंखात भोक आहे आणि नोंद एकच आहे. दोन्ही वगळायचे, असं तिचं म्हणणं. माझ्या मते एका भोकाची कड कसरीनं कुरतडल्यासारखी आहे, दुसऱ्याची सरळ फाटलेली. विभागातल्या सूक्ष्मदर्शकाखाली मी दोन्हीचे फोटो काढून तिला पाठवले आहेत.